स्वेटर विणणारीला विचारायचे प्रश्न

धुळ्यात पारा सहा-सातवर आला की देवपुरातल्या सुनंदाबाईंच्या दाराशी चपला वाढतात. कोणाला पोराचं स्वेटर हवं असतं, कोणाला म्हाताऱ्याची कानटोपी, कोणाला बाळंतिणीच्या बाळासाठी पायमोजे. बाई टेप लावत नाहीत. माणसाला समोर उभं करतात, एकदा वरून खाली बघतात आणि टाके घालायला घेतात. आजवर एकाही स्वेटरची बाही आखूड पडलेली नाही. हे त्या स्वतःच सांगतात, कारण दुसऱ्या कोणी सांगायची वाट बघत बसलं तर जन्म जायचा. नवरा एसटीत कंडक्टर होता, तो जाऊन अकरा वर्षं झाली. मूलबाळ नाही. तेव्हापासून बाईंचे दिवस दोन सुयांवर चालले आहेत, आणि बरे चालले आहेत.

नोव्हेंबरात एका सकाळी दाराशी गाडी थांबली आणि केळीचा घड खांद्यावर घेऊन लीलाधर उतरला. हा त्यांचा धाकटा भाऊ, रावेरकडचा बागायतदार. नवऱ्याच्या दहाव्याला आला होता, त्यानंतर आजच. बाईंना इतका आनंद झाला की चहात साखर दोनदा पडली. भावानं तो चहा तोंड वाकडं न करता प्यायला, त्यावरूनच काहीतरी काम निघालंय हे त्यांनी ओळखायला हवं होतं.

"अक्का, आपल्या भाविकाले सोळा पुरे होतात जानेवारीत," तो म्हणाला. "मी म्हटलं, काय पाहिजे? तर म्हने कार्डिगन. पन असंतसं चालत नाही तिले."

भाविका म्हणजे लीलाधरची नात, पुण्याला अकरावीत शिकणारी. कपडे कोण बनवतं, त्यांना काय मिळतं, यावर तिनं कॉलेजात काहीतरी लिहिलं होतं. तेव्हापासून ज्या कपड्यामागे कोणावर अन्याय झाला असेल तो अंगाला लावायचा नाही, असं तिनं ठरवलं होतं. तिनं आजोबांना यादीच पाठवली होती. लीलाधरनं चष्मा चढवून ती मोबाइलवरून वाचली. धागा सुती हवा, मेंढीची लोकर नको, मेंढ्यांना त्रास होतो. कोणी विणलं ते माहीत हवं. आणि विणणारीनं व्हिडिओत स्वतःच्या तोंडानं सांगायला हवं, की तिच्यावर कोणाची जबरदस्ती नव्हती आणि तिच्या हक्काचं तिला सगळं मिळालं.

"जळगावले तीन दुकानं पालथी घातली," लीलाधर म्हणाला. "दुकानदार म्हने, आबा, माल लुधियान्याचा हाये, घ्याचा तर घ्या. त्याची जन्मपत्रिका मी कुठून आनू? मंग म्हटलं, आपली अक्का हाये ना घरची."

घरची अक्का. हे दोन शब्द ऐकायला बाई किती वर्षं थांबल्या होत्या, ते त्यांनाच ठाऊक.

वडील गेले तेव्हा सातबाऱ्यावर दोघांचीही नावं लागली होती. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी लीलाधर असाच शेजारी बसला होता, डोळे पुसत. बहिणींनी हिस्सा मागितला की माहेर तुटतं, असं गावातल्या दहा जणांनी दहा वेळा ऐकवून झालं होतं. भाऊ म्हणाला, अक्का, आखाजीले तुले न्याले मी सोता येत जाईन, मरेपर्यंत. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ज्या बाईला न्यायला माहेरचा मुराळी येत नाही, तिची गल्लीत काय किंमत राहते ते वेगळं सांगायला नको. बाईंनी रावेरला जाऊन हक्कसोड पत्रावर सही केली. दोन वर्षं मुराळी आला. तिसऱ्या वर्षी फोन आला. मग फोनही आला नाही. तोंडाला पानं पुसणं म्हणतात ते हेच, पण सख्ख्या भावानं पुसली की बाई ते कोणाला सांगत नाही. गल्लीतल्या बायकांना त्या अजूनही सांगतात, की उन्हाचा प्रवास मला सोसत नाही.

माहेरचं एकच माणूस त्यांना धरून होतं, ते म्हणजे भाविका. तीन वर्षांपूर्वी जळगावला एका लग्नात ती या आजीला चिकटली, नंबर घेऊन गेली आणि तेव्हापासून दर रविवारी फोन करते. अक्काआजी, जेवलीस का, काय विणतेस, फोटो पाठव. तिला हक्कसोड वगैरे काही माहीत नव्हतं. घरात कोण सांगणार होतं?

बाईंनी महिनाभर दुसरं काम घेतलं नाही. शेवाळी रंगाचा सुती धागा आणला, लाकडी बटणं शोधली, गळा दोनदा उसवून पुन्हा घातला. भाविकाला कळू द्यायचं नव्हतं, म्हणून रविवारच्या फोनवर त्या शेजारच्या पोराची टोपी विणतेय असं ठोकून देत.

डिसेंबरच्या शेवटी लीलाधर आला. कार्डिगन उलटंसुलटं बघून खूश झाला. मग त्यानं बाईंना खिडकीपाशी बसवलं, मोबाइल समोर धरला आणि यादीतले प्रश्न वाचायला लागला. नाव सांगून झालं. जबरदस्ती नव्हती, तेही झालं. मग त्यानं वाचलं, "तुमच्या हक्काचं तुमाले सगळं भेटलं का?"

त्रेसष्ट वर्षांच्या आयुष्यात बाईंना हे कोणी विचारलं नव्हतं. बापानं नाही, नवऱ्यानं नाही, सही घेणाऱ्या साहेबानंही नाही. विचारलं ते सोळाही न भरलेल्या पोरीनं, तेही एका स्वेटरसाठी, मेंढ्यांची विचारपूस करून झाल्यावर.

"नाही भेटलं, भाविका," त्या मोबाइलकडे बघून म्हणाल्या. "तुह्या आबाच्या केळीच्या बागात माहा वाटा होता. तो म्या सोडला, आखाजीले माहेरी याले भेटीन म्हनून. मले न्याले कोनी आलं नाही. तू विचारलं म्हनून सांगते, बेटा. बाकी मले काही नको."

लीलाधरनं मोबाइल खाली घेतला.

"हे दाखवू मी पोरीले?"

"तिनंच विचारलं."

"ती स्वेटरचं विचारते, अक्का. ते निराळं." त्यानं व्हिडिओ पुसून टाकला. आवाज चढवला नाही, तो कधीच चढवत नसे. "परत एकडाव बोल. नुसतं हो म्हन. ह्या आखाजीले मी सोता येतो तुले न्याले."

बाईंना ते हवं होतं, हे खोटं का सांगा. अंगणातला निंबाचा झोका, आखाजीची गाणी, आईच्या चुलीची जागा, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढे आलं. तोंड उघडलंसुद्धा.

"एकदा म्हटलं हो," त्या म्हणाल्या. "कागदावर हाये ते, तुह्या कपाटात."

लीलाधरनं कार्डिगनची नीट घडी घातली, खाटेवर ठेवली आणि चपला घातल्या. चहाला थांबला नाही.

जानेवारीतल्या रविवारी भाविकाचा व्हिडिओ कॉल आला. अंगात करड्या रंगाचं नवंकोरं कार्डिगन.

"अक्काआजी, आबांनी पुण्यातून घेतलं. हे बघ, टॅगवर लिहिलंय, गावातल्या बायकांनी सन्मानानं विणलेलं." मग तिचा चेहरा उतरला. "आबा म्हणाले, तूच विणणार होतीस, पण तुझी बोटं आखडली. तू मला बोलली का नाहीस? खूप दुखतं का गं?"

शेवाळी कार्डिगन बाईंच्या मांडीवरच होतं, मोबाइलच्या खाली. हात जरा खाली केला असता तर पोरीला दिसलं असतं. मग ती आबांना विचारणार, घरात वादळ उठणार आणि पुढच्या रविवारी हा फोन वाजणार नाही, हे बाईंना लख्ख दिसत होतं. मोबाइल त्यांनी आणखी वर धरला.

"हो गं," त्या म्हणाल्या. "दुखतात बोटं."

"मग आता विणायचं बंद. कोणाचंच काही घ्यायचं नाही. मला वचन दे, अक्काआजी."

दारात चपला वाजत होत्या, कोणीतरी पोराला माप द्यायला घेऊन आलं होतं. सुनंदाबाईंनी भाविकाला वचन दिलं.