बेलापुरातलं ‘कोमिस्ते’

माझ्या बायकोच्या मामांनी ज्याला ‘जेवलास का?’ असं विचारलं नाही, असा जीव अख्ख्या श्रीरामपूर तालुक्यात अजून जन्माला यायचा आहे. बेलापूरला त्यांच्या ओट्यासमोरून जाणाऱ्या प्रत्येकाला हा टोल भरावाच लागतो, मग तो टपालवाला असो, उसाच्या ट्रॅक्टरचा ड्रायव्हर असो, नाहीतर हात जोडून मत मागायला आलेला उमेदवार. एकदा म्हणे घरात चोर शिरला. मामांनी अंथरुणातूनच विचारलं, “जेवला का रं?” तो गोंधळून ‘न्हाई’ म्हणाला, तर मामांनी मामींना उठवून त्याला पिठलं-भाकरी वाढायला लावली. चोराने उचललेली घागर जागच्या जागी ठेवली आणि जाताना दारही नीट ओढून घेतलं. मी ही गोष्ट सांगतो तेव्हा मामा दर वेळी मला अडवतात, “पिठलं न्हवतं जावईबापू, शेपूची भाजी हुती.” म्हणजे बाकीचं सगळं खरं!

अशा माणसाच्या एकुलत्या एका लेकीने नर्स होऊन थेट स्पेन गाठावं, तिथल्याच मुलाशी लग्न करावं आणि नातीला मराठीचा गंधही नसावा, याला काय म्हणायचं? दर रविवारी व्हिडिओ कॉल लागायचा. सात वर्षांची ती चिमणी हात हलवायची आणि भुर्रकन पळायची. मामा तिच्या रिकाम्या खुर्चीला विचारत राहायचे, “जेवली का गं बाई?” लेक म्हणायची, “दादा, तिला कळत नाही ओ.” मग मामी हसून म्हणायच्या, “खेळू द्या तिला. तुमी जेवता का आता?”

गेल्या वर्षी मामी गेल्या. त्यानंतर मामांनी हट्टच धरला, नातीला तिच्याच भाषेत विचारायचं. मी मोबाईलमध्ये शोधून ‘जेवणं’ला तिकडे ‘कोमेर’ म्हणतात असं सांगितलं आणि ‘जेवतेस का?’ साठी ‘कोमेस?’ शिकवलं. मामांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“जेवतीस का, हे हाटेलवाला इचारतो. जेवलीस का, हे घरचं मानूस इचारतं. मला झालेलं पायजे, जावईबापू.”

मग भूतकाळ काढला. ‘कोमिस्ते?’ म्हणजे जेवलीस का, ‘सी’ म्हणजे हो, आणि ‘कोमी’ म्हणजे जेवले. झालं! दुसऱ्या दिवसापासून बेलापुरावर स्पॅनिशचं राज्य आलं. रविवारी उपासना संपल्यावर मामांनी चर्चच्या पायरीवरच पाळकसाहेबांना गाठलं, “कोमिस्ते?” बाजारात भाजीवाल्या मावशी त्यांना लांबूनच पाहून “कोमी, बाबा, कोमी!” असं ओरडू लागल्या. शेजारच्या म्हशीने तर हा शब्द कानावर पडल्याशिवाय दूध द्यायचं सोडलं. यात कुणाला शंका असेल, तर त्याने म्हशीला विचारावं.

त्याच रविवारी संध्याकाळी, कॉलच्या वेळी मी मुद्दाम गेलो. मामा इस्त्रीचा सदरा घालून मोबाईलसमोर बसले होते. चुलीशेजारी दुपारचं ताट तसंच झाकलेलं होतं. कॉलच्या काळजीने घास उतरला नाही, म्हणाले. पडदा उजळला, नातीने हात हलवला, आणि गावभर ज्या शब्दाने धुमाकूळ घातला होता तो मामांच्या ओठांवर येईना. पोरगी वळलीसुद्धा.

“कोमिस्ते?” मामा अखेर कसंबसं म्हणाले.

ती थांबली. परत आली. मोबाईलला नाक लावून म्हणाली, “सी! कोमी!” आणि मग काय काय खाल्लं त्याचा पाऊस पाडला. मामांना त्यातलं एक अक्षर कळलं नाही, पण लग्नाच्या पंगतीत पाहुण्याचं ऐकावं तसे ते मान डोलवत होते. शेवटी तिने बोट रोखून विचारलं, “कोमिस्ते, तू?”

त्यातला ‘तू’ काही मी शिकवलेला नव्हता. पण तो कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

अख्ख्या तालुक्याला पुसणाऱ्या या माणसाला वर्षभरात हे कुणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

“कोमी,” ते म्हणाले. “कोमी गं, माझी माय.”

फोन बंद झाला. मामा उठले, चुलीपाशी गेले आणि ताटावरचं झाकण काढलं. भाकरी कडक झाली होती.

“पोरीशी खोटं बोललो,” पाटावर बसत ते म्हणाले. “आता खरं करतो.”