चांगोनं सांगितलेलं

दहिवलीच्या बायजाचा नवरा चांगो अडीच वर्षं खाटेला खिळून होता. चौक गावाला हायवेवर एका गाळ्यात त्याचं गॅरेज. एका सकाळी टेंपोला जॅक लावता लावता तो कोसळला. मेंदूच्या बुडाशी रक्ताची गुठळी अडकली, असं डॉक्टर म्हणाले. त्याला सगळं कळायचं, ऐकू यायचं, पण हात, पाय, जीभ हलेना. हलायच्या फक्त पापण्या. एकदा मिटल्या की हो, दोनदा मिटल्या की नाही. पण विचारणाऱ्याला सुचेल तेवढंच विचारलं जायचं.

बायजा त्याला कुशीवर वळवायची, पातळ पेज भरवायची, अंग पुसायची. शिवाय दर आठवड्याला शेजारच्या सोनुबाईला खाटेशी बसवून चौकला जायची. शटर उघडून झाडायची, पान्यांना तेल चोळायची, आणि परत येऊन त्याला सांगायची, "तुमचा गाळा हाय तसा ठेवलाय." दीर आबाजी कामाला होता ती कंपनी बंद पडली होती. त्यानं दोनदा गाळा मागितला. तिनं दिला नाही. गाळ्यावर परत जायच्या आशेवरच चांगो तगलाय, असं तिला वाटायचं.

मग एका इंजिनीअरिंग कॉलेजातून संशोधनाला नम्रता आली. सोबत वायरींची टोपी आणि लॅपटॉप.

"डोक्याला भोक नाय ना पाडायचं?" बायजानं विचारलं.

"नाही काकू, वरूनच. पडद्यावर अक्षरं चमकतात. हवं ते अक्षर चमकलं की मेंदूत जरा हालचाल होते, ती टोपी पकडते."

टोपी बसवायलाच अर्धा तास जाई. केसांत जेल भरायचं, आणि मागाहून पाणी तापवून ते धुवायचं बायजानं. पाच आठवडे पडद्यावर अक्षरांची नुसती कडबोळी उमटली. "आता पुरे करा गं," ती म्हणणार होती.

सहाव्या आठवड्यात शब्द आला. गंज.

"चुकलं वाटतं," नम्रता म्हणाली.

बायजाला मात्र वाटलं, आपल्याला कळलं. "आवो, हत्यारं गंजतील म्हनताय? मी तेल लावते की!"

पापण्या दोनदा मिटल्या. नाही.

दुसऱ्या खेपेला बराच वेळ घेऊन एकच अक्षर आलं. दे.

"गाळा पडून गंजतोय, तो देऊ?" हो. "आबाजीला?" हो.

बायजाला संतापच आला. "मी इतकी वर्षं कुणासाठी मरत व्हते? तवाच का नाय सांगितलंत?" बोलली आणि तिच्या ध्यानात आलं. तिनंच कधी विचारलं नव्हतं.

पंधरा दिवसांत तिनं आबाजीला किल्ली दिली. त्या दुपारी तिला मोकळं वाटलं नाही, रडूही आलं नाही. खाटेशेजारी जमिनीवर आडवी झाली आणि संध्याकाळपर्यंत झोपली.

तीन महिन्यांनी अभ्यास संपला, टोपी परत गेली. जाताना नम्रतानं पुठ्ठ्यावर अक्षरं लिहून दिली. एकेका अक्षरावर बोट ठेवायचं, हवं तिथं तो डोळे मिटेल. एवढं साधं आधी कुणीच सांगितलं नव्हतं, या विचारानं बायजा आणखीच थकली.

आता कधी त्याच्यात त्राण नसतं, कधी तिच्यात. परवा 'ख' आणि 'ड' झाले आणि पुढचं अक्षर यायच्या आतच त्याचे डोळे जड झाले. "ऱ्हाऊ दे, उद्या बगू," म्हणत तिनं पुठ्ठा खाटेखाली सरकवला.