टाळूवरचा हात

फुलसावंगीत तुळसाबाईच्या पायांवर न्हायलं नाही असं लेकरू शोधून सापडायचं नाही. पाटावर बसून ती पाय लांब करायची, लेकराला नडग्यांवर पालथं घ्यायची आणि तेलाचा हात असा फिरवायची, की भोकाड पसरलेलं कार्टंही सुस्कारा टाकून गप्प व्हायचं. जीभ मात्र फटकळ. एखादी पोर कोपर बुडवून पाणी पाहायला लागली, की ही खेकसायची, "काव, हात काय निसत्या भाकरी थापाले देल्ले का?"

त्याच तुळसाबाईची बोटं आणि पाय शुगरनं मुके करून टाकले होते. चुलीवर बोट पोळलं तर वासावरून कळायचं. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. कंबर धरली म्हणून गावातली बोलावणी टाळली. पण नातीला काय सांगणार? रुपालीची आई ती लहान असतानाच गेली, आजीनंच तिला वाढवलं. नवरा तिकडे वणीला कोळशाच्या ट्रकवर, म्हणून ती बाळंतपणाला इथंच आली होती. "माही पोरगी तुह्याच पायावर न्हाईन," हा एकच तिचा हट्ट. तुळसाबाईचाही जीव त्यातच अडकला होता. एवढी पणती न्हाऊ घालू दे, मग हात गेले तरी चालतील, असं ती रोज मनाशी म्हणायची.

काम अंदाजावर चाललं होतं. गंजभर कढत पाण्यात गार पाण्याचं ठरलेलं विसण घालायचं, बस. कोपर बुडवलं असतं तर कळलं असतं, कोपर अजून जागं होतं. पण रुपालीसमोर कोपर बुडवणार कशी? बुडवलं असतं तर सगळंच उघडं पडलं असतं.

त्या सकाळी आजीचे कष्ट वाचावेत म्हणून रुपालीनं चुलीत आणखी पऱ्हाट्या सारल्या. पाणी खळखळलं. तुळसाबाईनं रोजचंच विसण घातलं, तेल लावलेली पोर मांड्यांवर घेतली आणि रिवाजाप्रमाणे पहिला तांब्या आपल्याच पावलांवर ओतला. काही लागलं नाही. तिनं दुसरा तांब्या उचलला.

"आजी, पाय पाह्य तुह्ये!"

रुपालीनं झडप घालून लेकरू उचललं. तुळसाबाईनं खाली पाहिलं. पावलं लालबुंद झाली होती आणि तिला त्याची गंधवार्ताही नव्हती. तांब्या हातातून सुटला.

"काहून नाही सांगतलं मले?" रुपाली ओरडली. "माही पोरगी भाजली असती न आज!"

एवढ्या लेकरांचं केलं आणि घरच्याच लेकराच्या जिवावर उठले होते, असं तुळसाबाईला वाटलं. या हातांपेक्षा मरण बरं होतं.

दुसऱ्या दिवशी रुपालीनंच पोरीला न्हाऊ घातलं. तुळसाबाई भाजल्या पायांना फडकं बांधून उंबऱ्यावर बसली होती. कसं धरायचं हे सांगायचं तरी कोणत्या तोंडानं? रुपालीचे हात नवखे, पोरीनं रडून घर डोक्यावर घेतलं. आणि एकाएकी ती गप्प पडली. मान कलली, अंग सैल झालं.

"आजी! हे हालून नाही राह्यली व! टाळू पाह्य लवकर!"

तुळसाबाई तशीच घसटत पुढे गेली. तिनं टाळूवर बोटं ठेवली. काही नाही. पुन्हा ठेवली, जरा दाबून. काहीच नाही. टाळू उडायची थांबली की आपली बोटंच मेली आहेत, हे कळायला मार्गच नव्हता. रुपाली तिच्या तोंडाकडे पाहत होती. तुळसाबाईनं वाकून आपला सुरकुतलेला गाल त्या तेलकट टाळूवर टेकवला.

टाळू उडत होती. हळू, पण उडत होती. पोर रडून दमली होती आणि झोपली होती.

"झोपली माय," तुळसाबाई म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. तिचे दोन्ही हात बाजूला तसेच पडून होते. रुपालीनं पोर घ्यायला हात पुढे केले, तरी तिनं गाल उचलला नाही.