म्हशीला पाणी पाजलंय

खोबरेल तेलाची बाटली उघडली की मला नांदेडचा दवाखाना आठवतो. आमच्या मालकांच्या बाबतीत डॉक्टरांनी आशा सोडली होती. थोरले दीर, सुना, पाहुणे खाटेभोवती उभे, आणि मी डोक्यावरचा पदर सावरत कोपऱ्यात. माझ्या नातीच्या वयाची एक नर्स मालकांच्या भेगाळलेल्या टाचांना तेल चोळत होती. म्हणाली, "आजी, त्यांना ऐकू येत असंल. बोला की." मी म्हणलं, "मोठ्या दिरांदेखत नवऱ्याशी काय बोलू माय? आमच्यात न्हाई बोलत." तिनं सगळ्यांना चहाला पिटाळलं, पडदा ओढला अन् विचारलं, "घरी रोज काय विचारायचे ते?" "म्हशीला पाणी पाजलं का, म्हणून." "मग तेच सांगा." मी कानाशी वाकले. म्हशीला पाणी पाजलंय, पेंड घातलीय, असं सांगता सांगता, माझी काळजी करू नका, हेही बोलून गेले. त्यांनी माझं बोट हळूच दाबलं. दुपारी ते गेले. माझ्या वयाच्या बाया म्हणतात, नवऱ्याशी मनातलं बोलायचं राहूनच गेलं. मला तसं म्हणावं लागत न्हाई, ते त्या पोरीमुळं.