लिंबू न फुटलेली गाडी

आमच्या गावात नवी गाडी आली की चाकाखाली लिंबू ठेवतात. ट्रॅक्टर असो नाहीतर जीप, मालक गाडी पुढं घेतो, फट्ट आवाज होतो, रस उडतो आणि मग पेढे. माझ्या गाडीच्या वेळी लिंबू फुटलं नाही. चाक लिंबाला टेकलं, चढावं की न चढावं असा विचार केल्यासारखं थांबलं, आणि लिंबूच निसटून शेजारच्या अंगणात घरंगळत गेलं. तिथल्या कोंबडीनं लिंबाकडं पाहिलं. सगळ्या आळीनं माझ्याकडं पाहिलं.

"वैनी," धाकटे दीर म्हणाले, "लिंबानंच गाडीला ढकललं की."

सासूबाई हसल्या नाहीत. हातातलं कुंकवाचं ताट खाली ठेवून त्यांनी निकाल दिला. "लिंबू फुटलं न्हाई. म्हंजी गाडी अजून घरात आली न्हाई."

आता ही गाडी का आणली ते सांगते. पलूसच्या बाजारात माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. एक शटर, दोन शिलाई मशिनी आणि एक आरसा, ज्यात प्रत्येक बाई आधी बारीक दिसते आणि मगच माप देते. आमच्या गावाहून पलूस फार लांब नाही, पण मला नेणारं वाहन म्हणजे आमच्या ह्यांची फटफटी. हे फौजेतून हवालदार होऊन निवृत्त झालेले. बर्फाच्या घाटात ट्रक चालवलेला माणूस. फौजेत वेळेला लय किंमत असते म्हणतात. ती किंमत हे बहुतेक तिथंच जमा करून आले. सकाळी मी पिशवी घेऊन तयार, आणि हे पारावर. "दोन मिनिटं," असं तिथूनच हात करून सांगायचे. त्या दोन मिनिटांत दोन चहा आणि एक सरहद्द व्हायची.

त्यातून त्यांनी फटफटीचा सायलेन्सर बदलून घेतलेला. दिरांनीच कुठल्याशा मेकॅनिककडून आणून दिला होता. गाडी वेग धरायला लागली की मागून फटाके. आमच्या गल्लीतली एक म्हातारी त्या आवाजावर सकाळची गोळी घ्यायची.

मग समोरच्या गाळ्यात नवी शिवणारीण आली. ती नवाला उघडायची. माझी एक जुनी गिऱ्हाईक लेकीच्या लग्नाचे सगळे ब्लाऊज तिच्याकडं टाकून आली आणि वर मलाच म्हणाली, "राग नगा मानू. पर तुमचं शटर म्हंजी सोयरीक. कवा जुळंल सांगता येत न्हाई."

हे वाक्य मला सुईसारखं लागलं. लग्नसराई तोंडावर आलेली. ती हातची गेली असती, तर दुकान बंद करून घरात बसावं लागलं असतं.

लायसनचा प्रयत्न मी पूर्वी केला होता. परीक्षेत आठचा आकडा काढून दाखवायचा असतो. मी नऊ काढला आणि कुंपणात गेले. साहेबांनी मला काही विचारलं नाही. कुंपण कुणाचं आहे एवढंच विचारलं. त्यामुळे तो विषय संपला होता. पण एक दिवस एक शिक्षिका माप द्यायला आल्या त्या एका हलक्याशा विजेच्या गाडीवर. नंबरप्लेट नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "हिला लायसन लागत नाही. ताशी पंचवीसच्या पुढं जात नाही, मोटरही अगदी लहान, अडीचशे वॉटची. कायदा हिला मोटारसायकलीत धरतच नाही."

घरी सांगितलं तर हे म्हणाले, "पंचवीस? अगं, आमच्या युनिटचा खानसामा एवढा पळायचा, हातात पातेलं घेऊन."

तरी तासगावच्या दुकानात मला घेऊन आले, मजा बघायला. विकणाऱ्यानं विचारलं, "ताई, रंग कुठला दाखवू?" मी म्हटलं, "आधी बॅटरी काढून दाखवा." कारण आमच्या घरात चार्जिंग होईल असं बटण एकच, स्वयंपाकघरात, मिक्सरशेजारी, आणि तिथं जायला दगडी पायऱ्या. गाडी चुलीपर्यंत नेता येत नाही, बॅटरीच न्यायला हवी. पहिल्या गाडीची बॅटरी घागरीसारखी कमरेवर घेऊन मी दुकानात फेरी मारली. जड. दुसरीची निघतच नव्हती. तिसरीची हलकी, पण मधला दांडा एवढा उंच की साडीतून पाय टाकताना मी अर्ध्यातच देवळातल्या नंदीसारखी अडकून बसले. दुकानातलं सगळं गिऱ्हाईक आपापल्या गाड्या सोडून माझा खेळ बघायला जमलं. चौथीला पाय ठेवायला सपाट जागा, मागं कुणी बसेल एवढी सीट, आणि बॅटरी कडेवरच्या तान्ह्या लेकराएवढी. ती मी घेतली. गाडी नियमात बसते असा तिचा मंजुरीचा कागद ह्यांनी दोनदा वाचला, पण चूक सापडली नाही.

तर ती ही गाडी. लिंबू घरंगळलं, आणि सगळ्या आळीसमोर ह्यांनी अट घातली. "चालव. पर ज्या दिवशी पोलिसानं तुला बाजूला घेतलं, त्या दिवशी गाडी धाकट्याला. आन् तू परत माझ्या मागं."

"कबूल," मी म्हटलं. "पर नियम दोघास्नी सारखा. तुमाला बाजूला घेतलं तर?"

"मला? आगं, मी डोंगरात कॉन्व्हॉय चालवलाय."

"तर तुमी माझ्या मागं."

आळी हसली. सगळ्यात मोठ्यानं हे हसले.

दुसऱ्या दिवसापासून मी निघाले. ऊसाचा ट्रॅक्टर दोन ट्रेलर घेऊन मला ओलांडून गेला. दूधवाला गेला, एस.टी. गेली. पाटाच्या पुलावरच्या चढाला मी पुढं वाकून गाडीच्या कानात गोड बोलायचे, तेव्हा ती वर चढायची. आणि तिसऱ्या का चौथ्या सकाळी मी एक बैलगाडी मागं टाकली. गाडीवान म्हणाला, "दमानं ताई, इमान करशीला त्याचं." मी एक हात वर करून पुढाऱ्यासारखा हलवला. तो सगळा हंगाम मला त्या एका बैलगाडीवर काढता आला असता.

महत्त्वाचं म्हणजे शटर नवाला वर जायला लागलं. एकेक बाई परत फिरली.

एका संध्याकाळी दीर ओट्यावर माझ्या गाडीपाशी उकिडवे बसलेले दिसले. "वैनी, हितं एक वायर असती. ती काढली की गाडी पंचेचाळीसनं पळती. सगळी पोरं काढत्यात."

खोटं कशाला बोलू, माझ्या डोळ्यांसमोर तो ऊसाचा ट्रॅक्टर आला, मागं पडत चाललेला, आणि मी पदर उडवत पुढं. पण मग वायर काढलेली गाडी कायद्यात मोटारसायकलच झाली, आणि मोटारसायकलीला लायसन लागतं, आणि लायसनच्या वाटेत ते कुंपण.

"भावजी," मी म्हटलं, "ती वायर म्हंजीच माझं लायसन हाय. हात काढा."

सासूबाईंना मात्र माझ्या त्या नवाच्या शटरचं काही नव्हतं. लिंबू फुटलं नव्हतं ना. त्यांनी लेकाला हुकूम केला, "ती पोचूस्तर तू मागनं जा." आणि आईच्या हुकमापुढं हवालदार काय करणार. रोज सकाळी पुढं मी, आवाज नाही, धूर नाही, आणि मागं हे, दुसऱ्या गिअरमध्ये धापा टाकणारी फटफटी घेऊन. पारावरून विचारणा व्हायची, "आवं हवालदार, पायलट गाडी मागं कशी?"

असंच एका सकाळी पलूसच्या अलीकडं पोलीस उभे होते. त्यातल्या एका पोलिसानं हात वर केला. माझे दोन्ही ब्रेक एकदम दाबले गेले. गाडी धाकट्या दिराच्या दारात उभी आहे आणि मी परत पिशवी घेऊन पाराकडं बघतेय, हे मला एका क्षणात दिसलं.

"तुमी न्हवं मावशी," तो म्हणाला. "तुमी चला. मागचा तो आवाज थांबवायचाय."

मी गेले नाही. रस्त्याच्या कडेला माझी मीच थांबले. स्वतःहून थांबायला कुठलाही कायदा आड येत नाही. ह्यांनी छाती काढून सांगितलं, "माजी सैनिक हाय मी."

"जय हिंद," पोलीस म्हणाला. "सायलेन्सर कवा बदलला?"

ह्यांनी आकाशाकडं पाहिलं. बर्फाच्या घाटात असं काही विचारत नसावेत. फटफटी जागेवर जमा झाली. कंपनीचा सायलेन्सर लावून दाखवा आणि घेऊन जा. मग तो पोलीस माझ्या गाडीकडं वळला आणि एकदम मऊ आवाजात म्हणाला, "मावशी, बॅटरी निघती व्हय हिची? आमच्या मंडळीनं लय लावून धरलंय." मी बॅटरी काढून त्याच्या हातात दिली. त्यानं तोलून पाहिली. "वायर काढली न्हाई न्हवं?"

"हात लावू दिला न्हाई."

"ब्येस."

हे फटफटीशिवाय रस्त्यात उभे. मी पदर नीट केला, पिशवी त्यांच्या हातात दिली. "आवं, बसा. नियम दोघास्नी सारखा."

बसले. पलूसच्या बाजारातून आम्ही गेलो ते तिथला कांदेवालासुद्धा वजन करायचं थांबला. दोघांच्या भारानं गाडी लग्नाच्या वरातीएवढी सावकाश चालली होती, आणि वरातीसारखंच सगळे वळून बघत होते. मी कुणालाच चुकवलं नाही, प्रत्येकाला मान हलवून नमस्कार केला. मागून हळूच आवाज आला, "हिचा आवाज कसा न्हाई गं?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. इतकी वर्षं मी ह्यांच्या मागं बसले, पण रस्त्यात ह्यांचा शब्द कधी ऐकू आला नव्हता.

"दुकान कितीला उघडायचं असतं तुला?" त्यांनी विचारलं. लग्नानंतर पहिल्यांदाच.

"नवाला."

घड्याळ बघितल्याचं मला मागून कळलं. "मग हाण की. उशीर व्हतोय."

दुकानाच्या पायरीवर माझ्या शटरला सोयरीक म्हणणारी तीच बाई बसली होती, धाकट्या लेकीच्या लग्नाचं गाठोडं मांडीवर घेऊन. शटर ह्यांनी वर केलं.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा बातमी आमच्या आधी पोचली होती. सासूबाई दारात लिंबू घेऊनच उभ्या. हे उतरायला लागले, तशी त्यांनी बोट दाखवलं. "बस तसाच."

त्यांनी लिंबू चाकापुढं ठेवलं आणि पायानं नीट बसवलं. पुढचं चाक त्याच्यावर अडखळलं आणि पलीकडं गेलं. मग मागचं चाक चढलं, दोघांच्या भारासकट, आणि फट्ट झालं. रस ह्यांच्या इस्त्रीच्या विजारीवर गुडघ्यापर्यंत उडाला.

"आता आली गाडी घरात," सासूबाई म्हणाल्या.

शेजारची कोंबडी या वेळेला पळाली.