सुपडूचा अनवाणी नवस

पायाची जखम बरी व्हावी म्हणून माणूस काय करेल? मलम लावेल, गोळ्या घेईल, फार तर दवाखाना बदलेल. सुपडूने चप्पल सोडली. अंगठ्याखालची जखम भरेपर्यंत पायात काही घालणार नाही, असं त्याने सप्तशृंगीच्या आईला साकडं घातलं. भाकरी मोडता मोडता त्याने ही बातमी बायकोला दिली, तेव्हा सुंदराने कपाळावर हात मारून घेतला. अनवाणी चालल्यावर जखम भरणार कशी? आणि जखम भरत नाही तोवर हा बाबा चप्पल घालणार कशी? यातून खुद्द देवीने तरी काय मार्ग काढावा, हे तिला कळेना.

सुपडू अमळनेरकडून तरुणपणी सुरतेला आला आणि कडोदऱ्याच्या एका खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, मागावर लागला. सूत नुसतं चिमटीत धरून ते कोणतं, हे तो सांगायचा. त्याहून मोठा तोरा म्हणजे त्याला कधी काही होत नसे. अंगात ताप असला तरी पाळी भरायचा, बोट मागात सापडलं तरी चिंधी गुंडाळून कामाला लागायचा. “माले काय धाड भरनी?” हे त्याचं ठरलेलं उत्तर. शुगर निघाली तेव्हाही तेच. सुंदराने घरचा चहा बिनसाखरेचा केला, तर हा खात्यासमोरच्या टपरीवर डबल गोड पिऊन यायचा. शेजारच्या काशिनाथलाही शुगर होती. तो साधं कुरूप झालं तरी दवाखान्यात पळायचा, म्हणून सुपडू चारचौघांत त्याची टिंगल करायचा. टिंगल झालेला काशिनाथ दोन्ही पायांनी धडधाकट फिरत होता, हे सुंदरा किती वेळा बोलून दाखवायची. पण ऐकतो कोण!

जखम झाली तीही सुंदरालाच दिसली. फरशी पुसताना रक्ताचे ठसे दिसले, म्हणून तिने आधी स्वतःचे पाय तपासले. मग नवऱ्याचा पाय बघते तर अंगठ्याखाली तारेचा तुकडा रुतलेला, आणि हा मजेत वाटाणे सोलत बसलेला.

पर्वत पाटियाच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी त्याला डोळे मिटायला लावले. नायलॉनचा एक धागा त्याच्या तळव्याला ठिकठिकाणी टेकवला आणि धागा लागला की सांगा म्हणाल्या. सुपडू वाट बघत बसला. थोड्या वेळाने म्हणतो कसा, “मॅडम, चालू करो ना.” त्यांचं तपासून केव्हाच झालं होतं. जन्मभर धागा ओळखणाऱ्या माणसाला तळव्याखाली धागा कळला नव्हता. “काका, हवे चप्पल वगर एक डगलुंय नहीं,” आता चपलेशिवाय एक पाऊलही टाकायचं नाही, असं बाईंनी गुजरातीत बजावलं. पायातली जाणीव गेली आहे, जखम आणखी चिघळली तर पाय कापावा लागेल, हेही स्पष्ट सांगितलं. मऊ तळाची चप्पल लिहून दिली. सुंदराने ती त्याच दिवशी आणली. ती चप्पल देवीच्या तसबिरीखाली कोरीकरकरीत पडून राहिली, कारण घरी येऊन या गृहस्थाने नवस केला होता.

वैशाखातलं डांबर तव्यासारखं तापायचं आणि सुपडू त्यावरून अनवाणी, रमतगमत चालायचा. लोक बघत राहायचे. “आईनी कृपा शे, माले चटकाच लागत नही,” असं तो छाती फुगवून सांगायचा. सुंदराच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. ती ओरडली, रडली, दोन दिवस अबोला धरला. जखमेची कड काळपट होऊ लागली, पण याचा शब्द म्हणजे शब्द. पाय जाईल, पण हट्ट जाणार नाही, हे तिला दिसत होतं, आणि त्याचा जितका राग येत होता तितकीच भीती वाटत होती.

ड्रेसिंगला निघायच्या वेळी तिने दारातच आपली चप्पल काढून ठेवली.

“तुमनी मायना नवस ती गयी तव्हय तुमीच फेडा ना? मंग तुमना मी फेडसू. आते घाला पायमा चप्पल.”

आई वारली तेव्हा तिचा राहिलेला नवस फेडायला गडाच्या पायऱ्या सुपडू स्वतः चढला होता, आता कोणत्या तोंडाने नाही म्हणणार? कुरकुरत त्याने नवी चप्पल घातली.

रस्त्यावर पाय ठेवताच सुंदरा कळवळली. दुकानाच्या सावलीकडे धावली, तिथून पुढच्या सावलीकडे. डोळ्यांतून पाणी आलं. सुपडू भर उन्हात थांबून बघत राहिला.

“इतला चटका लागस का व?”

“मंग! आग व्हई ऱ्हायनी पायसनी!”

तो खाली बघू लागला, आधी तिच्या पायांकडे, मग स्वतःच्या. “माले तं लागसच नही,” तो म्हणाला. हे वाक्य तो रोज ऐटीत म्हणायचा. आज त्याची छाती फुगली नव्हती.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आता बायकोलाही अनवाणी पाहून डोक्याला हात लावला.

सुपडूचा हट्ट कमी झाला म्हणाल, तर नाव नको. फक्त त्याची दिशा बदलली. जखम भरल्याशिवाय बायकोच्या पायात चप्पल येणार नाही, म्हणून तो जखमेच्या मागे हात धुऊन लागला. टपरीचा चहा सुटला. ड्रेसिंगला जरा उशीर झाला की तोच सुंदरावर खेकसायचा, आणि तिला त्याचाही वैताग यायचा.

जखमेची कड आता गुलाबी दिसते. तरी संध्याकाळी सुपडू आधी सुंदराचे तळवे मांडीवर घेतो, भेगा बघतो, अंगठ्याने दाबतो.

“दुखस का व?”

“दुखस ना!” ती पाय ओढून घेत करवादते.

“मंग चांगलं शे,” तो म्हणतो, आणि आणखी थोडा वेळ तो पाय सोडत नाही.