मालकाच्या पोराची बॉलिंग

मला तो पोरगा आवडत नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. पोलोग्राउंड या कारखान्यांच्या भागातल्या एका वर्कशॉपात मी नऊ वर्षं लेथ चालवली, पंपाचे शाफ्ट काढले, आणि शेवटची चार वर्षं रोज सकाळी मालकाच्या पोराचं तोंड पाहिलं. सहा फूट उंच, कॉलेज संपवून आलेला, केबिनमध्ये एसी लावून बसणारा. कामातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. पण बॉलिंग टाकायचा, आणि जोरात टाकायचा.

आल्या आल्या त्याने वर्कशॉपची टीम काढली. शनिवारी संध्याकाळी मशीनपाशी येऊन विचारायचा, "कल आ रहे हो ना, भिया?" विचारणं नावाचंच. रविवारी न येणाऱ्याचं सोमवारी काय होतं, ते आम्ही एकदा पाहिलं होतं. मग सकाळी सातला सगळे मैदानावर हजर. सिमेंटचं पिच, वर काथ्याची मॅट, लेदरचा बॉल. प्रॅक्टिस त्याची आणि समोर उभं राहायचं आम्ही.

आमची बॅटिंग ठरलेली असायची. तो पळत आला की पाय लेगकडे, बॅट हवेत, स्टंप मोकळे. घे बाबा! दांडी उडाली की तो ओरडायचा आणि आम्ही बॅट काखेत धरून टाळ्या वाजवायचो. "क्या डाली है, बॉस!" मग बाहेर ठेल्यावर पोहे खाताना त्याच्या माघारी दात काढायचो. प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य: मालकाचा पोरगा आहे म्हणून, नाहीतर दाखवलं असतं. हे वाक्य सगळ्यांत मोठ्याने मी म्हणायचो. आमचे आजोबा महूच्या पलटणीत होते, घाबरणं आमच्या रक्तातच नाही, असलंही बरंच काही बोलायचो.

मागे सरायचे नाहीत ते फक्त फिटरकाका. पंचावन्नच्या पुढचे, बापाने मिलमध्ये जन्म काढलेला, स्वतः तीस वर्षं याच वर्कशॉपात. "स्टंप सोडून कुठे पळायचं, लेका? शोभतं का?" म्हणायचे. एका रविवारी बॉल मॅटवरून उसळला आणि त्यांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटावर बसला. बॅट सुटली. काका गुडघ्यांवर आले. मालकाचा पोरगा धावत पुढे आला. मला वाटलं, विचारपूस करेल. कसलं काय! टीव्हीवर बघितलं असणार, त्यांच्यासमोर उभा राहून नुसता डोळे वटारून बघत राहिला. मग वळला आणि म्हणाला, "नेक्स्ट."

नेक्स्ट मी होतो. आणि मी गेलो की! काकांना दोघांनी धरून बाजूला नेलं, मी त्यांच्या जागी उभा राहिलो, पाय लेगकडे घेतला, दांडी उडाली आणि टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांची मला आजही शरम वाटते.

काकांचं बोट काही सरळ झालं नाही. पाना धरवेना, म्हणून त्यांना स्टोअरमध्ये बसवलं. तीस वर्षांचा कसबी हात, आणि आता खिडकीतून लोकांना नटबोल्ट काढून द्यायचे. कुणी विचारलं की म्हणायचे, "माझीच चूक, बॉल सोडायला हवा होता." ते कुणाला दोष देत नव्हते, म्हणून मला आणखीनच संताप यायचा. घरी बायकोला ऐकवायचो, नोकरी आड येते, नाहीतर असा हाणला असता त्याला. ती पोळी लाटता लाटता म्हणायची, "गरजेल तो पडेल काय!" मग मी तिच्यावरही चिडायचो.

शेवटी मी ते वर्कशॉप सोडलं आणि दोन गल्ल्या पलीकडे दुसरीकडे लागलो. शेवटच्या दिवशी पोह्यांच्या ठेल्यावर सगळ्यांसमोर सांगितलं, "आता आपला मालक दुसरा. येऊ दे एकदा समोर. काकांच्या बोटाचा बदला घेतो की नाही बघा!" काका तिथेच होते. त्यांचे डोळे चमकलेले मी पाहिले.

त्याच हिवाळ्यात तिथल्या वर्कशॉपांच्या मॅचेस झाल्या आणि आमची गाठ जुन्या वर्कशॉपशीच पडली. काका नोकरीला अजून तिथेच, तरी येऊन बसले आमच्या बाजूला. मी पॅड बांधत होतो. वाकडं बोट मांडीवर ठेवून त्यांनी हळूच विचारलं, "मारशील ना रे?"

"काका, आज त्याला रोडवर पाठवतो. तुम्ही फक्त बघा."

पहिली विकेट पडली, मी गेलो. चार वर्षांत पहिल्यांदाच मी त्याच्यासमोर त्याचा नोकर नव्हतो. शनिवारचा प्रश्न नाही, सोमवारची भीती नाही. डोक्यात राग इतका की हेल्मेट घट्ट होत होतं. तो लांबून पळत आला. आणि माझा पाय लेगकडे गेला.

मी पाठवला नव्हता. खरं सांगतो, मी त्याला तिथेच थांब म्हणत होतो. बॉल कीपरच्या ग्लोव्हजमध्ये धाडकन गेला तेव्हा मी पिचच्या बाहेर उभा होतो. सवय आहे, मी मनाशी म्हटलं. दुसऱ्या बॉलला दात आवळून टाचा मॅटमध्ये रोवल्या. बॉल उसळून गळ्यापाशी आला, मी मान फिरवून डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा पुन्हा तिथेच, बाहेर. तोंडाला कोरड पडली. हा पगाराचा धाक नव्हता, कधीच नव्हता. मी त्याच्या बॉलिंगला घाबरत होतो. पहिल्या रविवारपासून घाबरत होतो.

तिसरा बॉल सरळ होता, बाउन्सरही नव्हता. मधली दांडी गेली. मी तिच्यापासून हातभर लांब होतो.

तो ओरडला नाही. डोळेही वटारले नाहीत. चालत माझ्यापर्यंत आला. शिवी दिली असती तर मी बॅट उगारली असती, तयारच होतो. पण त्याचा चेहरा परीक्षेत पास झालेल्या पोरासारखा खुलला होता.

"भिया, चार साल से यही सोचता था," तो हळू आवाजात म्हणाला, "कि ये लोग मेरे से डरते हैं या पापा से. आज पता चल गया. थँक्यू." आणि माझ्या खांद्यावर थोपटून परत गेला.

मी बाहेर आलो. काकांनी सरकून बाकावर जागा करून दिली. पॅडचे पट्टे मला सुटेनात, तर त्यांनी वाकून आपल्या वाकड्या हाताने सोडले.

"काय म्हणाला रे तो?"

"शिवी दिली," मी म्हणालो.

"नालायक साला! माणूस आउट होऊन चाललाय, आणि वर शिवी देतो?" काका रागाने लाल झाले. "तू नको मनाला लावून घेऊस. मालकीचा माज आहे, दुसरं काय!"

"हो ना," मी म्हणालो.